गाल शेवटी ठेवीन

इंटरनेटवर काय चालतं आणि काय चालत नाही, हे मला विचारा. विचाराच! बेकायदेशीर आणि घातक मजकुराचा तो नवा कायदा आला ना, तो आमच्या कंपनीत सगळ्यांत आधी कुणी वाचला असेल तर मी. म्हणजे अख्खा नाही. अख्खा कायदा इतका जाड आहे, की खुर्चीत उशीऐवजी तो ठेवून वर बाळाला बसवलं तर बाळाचे हात थेट दिव्याला लागतील. मी सारांश वाचला. पण काय वाचला! एका हाताने लंगोटांच्या घड्या घालत, दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली धरून. धमकी कशाला म्हणायचं, छळ कशाला म्हणायचं, मुलाच्या जिवाला धोका असेल तर काय करायचं, सगळं तोंडपाठ! नवरा जेवताना म्हणायचा, "मीठ देतेस, की आधी कलम सांगतेस?"

करो बापडा थट्टा. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. साऱ्या गावाला लांबचं-जवळचं दाखवतो आणि घरी आला की समोर वाळत असलेला टॉवेल त्याला दिसत नाही.

माझं काम सांगते. लोक इंटरनेटवर जे काही ओतत असतात, त्यातलं संशयास्पद तेवढं एक यंत्र बाजूला काढतं. ते खरंच घातक आहे का, हे आम्ही तपासनीस ठरवतो. घरबसल्या. माझी लेक झोपली की मी लॅपटॉप उघडते, ती उठली की मिटते. तिला आम्ही भुंगी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा गुणगुणते. गुणगुण थांबली की समजायचं, बाई उठल्या!

पूर्वी या कामात नको नको ते बघावं आणि ऐकावं लागायचं. मी कितीदा तरी न्हाणीघरात नळ सोडून रडले आहे. म्हणून नव्या कायद्याने आमचीही काळजी घेतली. आता चित्र दिसत नाही, आवाज येत नाही. यंत्रच बोलणं लिहून काढतं, त्यातली नावं खोडतं, आणि माझ्यासमोर पांढऱ्या पडद्यावर नुसत्या काळ्या ओळी येतात. खाली तीन बटणं. "ठेवा", "काढा", आणि तिसरं लाल, "काढा आणि कळवा". तिसरं दाबलं की मजकूर गायब, खातं बंद आणि पोलिसांना वर्दी. धान्यातले खडे निवडावेत तशी मी निवडते. खट्, खट्, खट्! आमची टीमलीडर म्हणते, "तुझ्या बोटाला डोळे आहेत गं."

आता आई. म्हणजे माझी आई.

आई बसस्थानकावर घोषणा द्यायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे ती अशा काही आवाजात म्हणायची, की ज्यांना कुठेच जायचं नाही तेसुद्धा लक्ष द्यायचे. बाबांनी म्हणे हा आवाज ऐकत तीन बस सोडल्या आणि चौथीच्या वेळेला थेट घोषणेच्या खोलीचं दार वाजवलं. निवृत्त झाल्यावरही तिने बाजारात "कसे दिले?" विचारलं, की शेजारच्या दुकानातली माणसंसुद्धा भाव सांगून मोकळी व्हायची.

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, जीव राहील, आवाज मात्र राहणार नाही. आई म्हणाली, "बरं." एवढंच. पण स्थानकभर ऐकू जाईल असं.

ऑपरेशनच्या आधी ती रोज दुपारी दार लावून भुंगीसाठी बोलून ठेवायला लागली. गोष्टी, गाणी, रागवणं, लाड. मोठी झाल्यावर लागतील म्हणून चार उपदेशही. शेवटी "अभ्यास झाला का?" हे वेगवेगळ्या सुरांत, कारण कुठला सूर लागेल ते आत्ता काय सांगावं! हे सगळं एका कौटुंबिक अल्बमच्या साइटवर. जावयानेच सुचवलं होतं.

"आई, तुमचा फोन भरलाय. थेट साइटवरच बोला. तिथे कायम राहतं."

कायम! ऐकताय ना?

त्या साइटवर कुलपाचं एक चित्र असतं. ते दाबलं की मजकूर फक्त घरच्यांना ऐकू येतो. मी आईच्या मागे लागले होते, कुलूप लाव, कुलूप लाव! ती म्हणाली, "आणि मोठेपणी भुंगीला किल्ली सापडली नाही तर? असू दे उघडं. मी जन्मभर चव्हाट्यावर बोलले, कुणी काय नेलं माझं?"

ऑपरेशन झालं. आई आमच्याकडे राहायला आली. आता ती भुंगीच्या खेळण्यातल्या पाटीवर लिहिते. लिहायचं आणि दांडी सरकवायची, की पुसलं! हाक मारायला चमचा. टेबलावर एकदा टक म्हणजे "इकडे ये". दोनदा टकटक म्हणजे "मूर्ख आहेस". आमच्या घरात दोनदाच जास्त वाजतं.

आणि भुंगीला झोपवायला आजीचा साठवलेला आवाज. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. भुंगीबाईंची झोपेची गाडी फलाटावर लागली आहे. प्रवाशांनी डोळे मिटून जागा घ्यावी." एवढं ऐकलं, की भुंगी इंजिन बंद केल्यासारखी थरथरून शांत! त्या आवाजावर आमचं घर चालत होतं. ती झोपायची म्हणून मी काम करायची. आणि आई पलीकडे बसून स्वतःचा आवाज ऐकायची. ऐकताना तिचे ओठ हलायचे.

तर तो दिवस. भुंगी सकाळची झोपलेली, मी जोरात सुटलेली. खट्, खट्. कायदा नवीन लागू झालेला, त्यामुळे यंत्र जुनंपानं सगळंच चाळून पाठवत होतं. आणि पडद्यावर या ओळी आल्या:

"हिला मी पळवून नेणार आहे. पिशवीत घालून. तिच्या आईला पत्ता लागू देणार नाही. घरी नेऊन आधी अंगठे खाईन. मग पोटऱ्या. गाल शेवटी ठेवीन."

गाल शेवटी ठेवीन! काय थंड डोक्याचा माणूस! बोलणारी बाई की पुरुष हे ओळींवरून कळत नव्हतं, मी पुरुष ठरवला. दाढी वाढलेला, तळघरात राहणारा. डोळ्यांसमोर कुठलंतरी गुबगुबीत बाळ आलं, त्याची बिचारी बेसावध आई आली, आणि मी लाल बटण असं दाबलं, असं दाबलं, की लॅपटॉप टेबलावर सरकला!

मग उठून आत गेले. भुंगी गुणगुणत होती. तिच्या पाळण्याशी वाकून म्हटलं, "कुणी नाही हं नेणार माझ्या सोन्याला." आणि प्रेमाच्या भरात तिचा अंगठा तोंडात धरून हलकेच चावला.

दुपारच्या चहाला मी जाहीर केलं, "तपशील सांगता येत नाही, गुप्त असतं. पण आज मी एका बाळाचा जीव वाचवला."

नवऱ्याने चक्क चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. आईने पाटीवर लिहिलं, "शाब्बास माझी वाघीण", आणि आपल्या बशीतलं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं.

ते मी खाल्लं. बुडवून.

भुंगीची दुसरी डुलकी आली. मी फोन उघडला. साइटवर आईच्या फोटोच्या जागी करडा चौकोन. खाली एक ओळ: "बेकायदेशीर व घातक मजकुरामुळे हे खाते बंद करण्यात आले आहे."

"अहो, हे बघा!" एरवी मी नवऱ्याला अरेतुरे करते. पोटात गोळा आला की अहो होतं.

त्याने फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "कुणाचं खातं?"

"आईचं! घातक मजकूर म्हणे! आईचा!"

"कुणीतरी चुकून केलं असेल."

"चुकून कसलं! माझ्यासारखाच कुणी तपासनीस असणार. मी ओळखते ना या लोकांना! न वाचता दाबतात. आकडे वाढवायला! कुठल्या गाढवाच्या हातात कायदा दिलाय देव जाणे!"

आईने पाटी ओढली. लिहिलं, "त्याचं बोट झडो." दांडी सरकवली, विचार केला, पुन्हा लिहिलं, "दोन्ही हातांची."

माझ्या बोटाला तेव्हाच मुंग्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत.

भुंगी झोपली नाही. भुंगी झोपली नाही म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळणार नाही. नवऱ्याने गाणं म्हटलं, ती रडली. मी गाणं म्हटलं, ती जास्त रडली. पंखा, नळ, मिक्सर, सगळे आवाज करून झाले. ती आमच्या सगळ्यांच्या खांद्यांवरून मान वळवून फोनकडे बघत होती. आणि आई भुंगीकडे.

दुसऱ्या दिवशी साइटकडे दाद मागायला बसलो. कायद्यानेच तशी सोय ठेवली आहे, हे मी मोठ्या आवाजात घरच्यांना समजावलं. "घाबरू नका. कलम आहे!" साइटवर एक यांत्रिक मदतनीस होता. तो फार गोड बोलायचा.

"नमस्कार! आपला दिवस आनंदात जावो! खातेदाराने ओळख पटवण्यासाठी स्वतःच्या आवाजात म्हणावे: मी हा निर्णय मान्य करत नाही."

स्वतःच्या आवाजात!

आईने खुर्ची पुढे ओढली, पदर सारखा केला, माइकसमोर बसायची तशी ताठ बसली. तोंड उघडलं. वाळक्या पानावरून मुंगी जावी, एवढाच आवाज.

"आवाज जुळत नाही," मदतनीस म्हणाला. "कृपया मोठ्याने बोला."

आयुष्यात आईला हे कुणी म्हटलं नव्हतं! तिने पुन्हा बोलून बघितलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, टाक्यांपाशी हात धरला. मुंगी जरा घाईने गेली, इतकंच.

"बस झालं, आई!" मी म्हटलं.

"मी करतो," नवरा म्हणाला आणि त्याने नाकातून बारीक आवाज काढला.

"आवाज जुळत नाही. तोतयेगिरी हा गुन्हा आहे. आपला दिवस आनंदात जावो!"

मग मी. लोक म्हणतात, माझा आवाज आईवर गेलाय. मी छाती भरून म्हटलं, "मी हा निर्णय मान्य करत नाही!"

मदतनीस बराच वेळ गोल गोल फिरला.

"आवाज जवळपास जुळतो," तो म्हणाला. "जवळपास चालत नाही."

मी लेखी कळवलं, की खातेदाराचा आवाज ऑपरेशनमध्ये गेला आहे. उत्तर आलं, की हरकत नाही, जुना आवाज पाठवा. मी लिहिलं, की जुना आवाज तुम्हीच बंद केलेल्या खात्यात आहे. उत्तर आलं, की खाते उघडण्यासाठी आवाज आवश्यक आहे. नवरा म्हणाला, "चष्म्याच्या दुकानात असं कुणी केलं तर? चष्मा हरवलाय म्हणून आलेल्या माणसाला म्हणायचं, आधी चष्मा घालून समोरचं वाचा!"

आईने चमचा दोनदा वाजवला. बहुतेक मदतनिसासाठी.

इतक्यात दार वाजलं. दारात पोलीस! एक पोलीसबाई आणि एक पोलीस.

"इथे एखादं बाळ आहे का?" बाईंनी विचारलं. प्रश्न अनावश्यक होता. भुंगीचा सूर वरच्या मजल्यावर पोचला होता.

"बाळाला धोका असल्याची वर्दी आहे," पोलीस म्हणाले. "या घरातल्या एका व्यक्तीने बाळाला पळवून नेण्याची आणि..." त्यांनी कागद बघितला. "आणि खाण्याची धमकी दिली आहे."

नवरा हसला. मग त्यांच्याकडे बघून थांबला.

पोलीसबाईंनी कागद घेतला आणि हजेरी घ्यावी तसं सपाट आवाजात वाचलं: "हिला मी पळवून नेणार आहे. पिशवीत घालून. तिच्या आईला पत्ता लागू देणार नाही..."

प्रत्येक शब्द मी आधी वाचला होता. पुढचं वाक्य कुठलं येणार, हे त्यांच्याआधी मला ठाऊक होतं.

"...आधी अंगठे खाईन. मग पोटऱ्या. गाल शेवटी ठेवीन."

आणि आत्ता, त्या परक्या, कोरड्या आवाजात ऐकल्यावर, मला ते आईच्या आवाजात ऐकू आलं. गाल शेवटी ठेवीन. हे ती मला म्हणायची! मी एवढीशी असताना, स्थानकावरून आल्या आल्या, चपला काढायच्या आधी. मी सोफ्यामागे लपायची आणि दोन्ही हातांनी गाल झाकून ठेवायची.

आणि पडद्यावर तेच शब्द आले तर मी दाढीवाला शोधला! तळघरातला!

"हे तुम्ही म्हणालात?" पोलीस आईला विचारत होते.

आईने पाटीवर लिहिलं, "हो."

"आई!" नवरा कळवळला. "जरा विचार करून लिहा!"

आईने दांडी सरकवली आणि विचार करून लिहिलं, "हो. पुन्हा म्हणेन. येत असतं तर."

"गाल शेवटी का?" पोलिसांनी पेन सरसावलं.

आईने त्यांच्याकडे दयेने बघितलं आणि लिहिलं, "चांगलं ते शेवटी खातात."

"पिशवी कुठे आहे?"

आईने चमच्याने दाराच्या खुंटीकडे दाखवलं. तिची बाजाराची पिशवी. पोलिसांनी ती काढली, उलगडली, वीत लावून मोजली आणि म्हणाले, "बाळ मावतं का ते बघावं लागेल." भुंगीला पिशवीजवळ ठेवताच ती रडणं विसरली आणि स्वतःहून डोकं आत घालून बसली. ढुंगण बाहेर. बराच प्रयत्न झाला, मावली नाही.

पोलीसबाईंनी तिला उचललं. "काय गं लबाडे! काय गं गुलाम! काय हे गाल, खाऊनच टाकते आता..."

बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि सहकाऱ्याकडे बघितलं.

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले आणि लिहायला लागले. मोठ्याने म्हणत: "बाळ सुखरूप. आजीपासून धोका नाही. पिशवी लहान."

"बाई, तो मूळ आवाज तुमच्याकडे असेल ना?" मी कसंबसं विचारलं.

"छे! घातक मजकूर आम्हालाही ऐकवत नाहीत. फक्त हा कागद." जाता जाता त्या दारात थांबल्या. "तुम्हाला त्रास झाला, पण ज्याने कळवलं तो तपासनीस मात्र तत्पर हं. बघितल्या बघितल्या कळवलं. अशी माणसं हवीत."

"हवीत ना!" नवरा दात-ओठ खात म्हणाला. "एकदा भेटायला हवीत!"

दार लागलं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"ते बाळ," मी म्हटलं. "मी वाचवलेलं."

"त्याचं काय?"

"ते आत्ता पिशवीत बसलं होतं."

नवऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. तो विनोद करत नाही तेव्हा मला फार भीती वाटते. मी आईकडे बघितलंच नाही. फरशीकडे बघत होते. वाट बघत होते, की आता टकटक येईल. येऊ दे. शंभरदा येऊ दे!

एकदाच टक झालं. इकडे ये.

गेले. आईने पाटी माझ्याकडे वळवली. "बाळ दुसऱ्या कुणाचं असतं तर? बरोबर केलंस." मी वाचते न वाचते तोच दांडी सरकवली आणि लिहिलं, "बोटं राहू देत." मी तिच्या मांडीत डोकं खुपसून अशी रडले, की भुंगी आपलं रडणं थांबवून रांगत बघायला आली.

मग मी टीमलीडरला फोन लावला. सगळं सांगितलं. पोलिसांनी लिहून दिलंय, बाळ सुखरूप आहे, आजी प्रेमळ आहे, पिशवी लहान आहे!

तासाभराने तिचा उलट फोन आला. "पोलिसांचं वेगळं, आपलं वेगळं," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठी मी ते पुन्हा तपासायला दिलं होतं. दुसऱ्या तपासनिसाला. मग तिसऱ्याला."

"मग?"

"सगळ्यांनी लाल! एकमताने! इतकं एकमत कधी होत नाही गं. तुझा निर्णय आदर्श म्हणून वर पाठवलाय मी. या महिन्याची सर्वोत्तम तपासनीस तूच!"

"अगं, पण ती माझी आई आहे!"

"मजकुरात आई कुठे आहे?" कागद चाळल्याचा आवाज. "हां, आहे की. 'तिच्या आईला पत्ता लागू देणार नाही.'"

ती आई म्हणजे मी. आणि खरंच, लागला नाही पत्ता.

त्यानंतर मी तो कायदा वाचला. अख्खा. भुंगीला खांद्यावर थोपटत, फेऱ्या मारत. कायदा वाईट नाही हो. तळघरातले दाढीवाले खरंच असतात, मी रोज त्यांना वाचते. आत खोलवर एक कलमही आहे: कोण, कुणाला, कोणत्या सुरात बोललं, हे ऐकून मगच ठरवावं. इतकं शहाणं कलम! सारांश करणाऱ्याने ते गाळलं. आणि पुढे दुसरं कलम: तपासनिसाच्या मनावर आघात होऊ नये म्हणून त्याला आवाज ऐकवू नये. तेही शहाणंच. माझ्याच काळजीपोटी केलेलं. एक म्हणतं ऐका, एक म्हणतं ऐकवू नका, आणि त्या दोघांच्या मधोमध आईचा आवाज गेला. दुसऱ्यांदा.

मदतनिसाचं शेवटचं उत्तर आलं. ओळख न पटल्यामुळे दाद फेटाळण्यात आली आहे. मजकूर कायमचा नष्ट करण्यात आला आहे. आपला दिवस आनंदात जावो!

कायम म्हणजे काय, ते आता कळलं.

मी आईला फोन दाखवला. तिने वाचलं. पाटी घेतली. कोऱ्या पाटीवरची दांडी नुसती सरकवत राहिली. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

पाळण्यात भुंगी भोकांड पसरून रडत होती. मला दुसरं काही सुचेना. मी उठले, आईसारखी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

टकटक!

मी वळले. आई चमचा उगारून बसली होती. भराभरा लिहिलं, "'प्रवाशांनी' म्हटल्यावर थांब. घाई कसली? बस उभी आहे."

"प्रवाशांनी..." मी थांबले. आईने चमचा हवेत धरला. खाली आणला. "कृपया लक्ष द्यावे."

भुंगीने रडणं अर्ध्यावर सोडलं. मान वळवून फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. ओठ काढून बराच वेळ बघत राहिली, मदतनीस गोल गोल फिरायचा तशी. आईचा चमचा चालूच होता. 'फलाटावर' सुरात चढवायचं, 'डोळे मिटून' उतरवायचं, 'जागा घ्यावी' लांबवायचं. मला नीट जमत नव्हतं. शेवटी हुंदका आला, तोही चुकीच्या जागी.

आवाज जवळपास जुळत होता. भुंगीला जवळपास चाललं. ती एकदा थरथरली आणि गुणगुणायला लागली.

आई तिच्या पाळण्यापाशी वाकली. बाळाच्या अंगठ्यापासून वर वर ओठ हलवत गेली, आवाज न करता. गालांपाशी शेवटी पोचली.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी सोडलीस की नाही? कशी सोडू? नवऱ्याच्या पगारात भाडं भागतं, लंगोट नाही. दुसऱ्या दिवशी भुंगी झोपली, मी लॅपटॉप उघडला. सगळ्यांत आधी समोर आली ती सर्व तपासनिसांसाठी सक्तीची चाचणी. नव्या कायद्यानुसार. पहिलाच प्रश्न:

"हिला मी पळवून नेणार आहे. पिशवीत घालून..." खाली तीन बटणं.

मी शेवटपर्यंत वाचलं. मनात आईचा आवाज लावून, थांबायचं तिथे थांबून वाचलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी शांतपणे, पूर्ण खात्रीने, "ठेवा" दाबलं.

पडद्यावर लाल फुली आली. "चूक! बरोबर उत्तर आपल्या सर्वोत्तम तपासनीस देतील. कृपया त्यांचा सल्ला घ्या." आणि शेजारी, हसऱ्या चेहऱ्याचा माझा फोटो.

मागून टकटक झालं. आई माझ्या खांद्यावरून वाचत होती.